उभ्या खाचा

१

मावशी किंचाळल्या तेव्हा किल्लीवाली दुकानाचं शटर वर ढकलत होती. ते अर्ध्यावरच लोंबकळत राहिलं आणि ती जिन्याकडे धावली.

वरच्या बाई आपल्या झोपायच्या खोलीत, दाराला लागून निष्प्राण पडल्या होत्या. दार आत उघडायचं, त्यामुळे ते ढकलताना बाईंचाच अडथळा झाला होता आणि मावशींना खांद्यानं रेटावं लागलं होतं. बाईंची बोटं सोलवटलेली होती. दाराच्या आतल्या बाजूचा रंग ठिकठिकाणी खरवडलेला होता. त्यांचा दम्याचा पंप बाहेरच्या खोलीत, रेडिओशेजारी, रोजच्या जागी निवांत पडला होता.

मावशी बाईंना सांभाळायला असत. सकाळी येत आणि संध्याकाळी घरी जात. आता त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"दार कसं उघडलंत?" किल्लीवालीनं विचारलं.

"मूठ फिरवली, ताई. उघडलं की लगेच."

"मग बाईंना आतून का उघडता आलं नाही?"

किल्लीवालीनं दाराच्या मुठीकडे पाहिलं. गोल मुठीचं कुलूप होतं ते. अशा कुलपाच्या आतल्या मुठीत बटण असतं आणि बाहेरच्या मुठीत किल्लीचं भोक. आतल्या माणसानं बटण दाबलं की बाहेरच्याला किल्लीशिवाय आत येता येत नाही. इथं बटण बाहेर होतं, दाबलेलं होतं, आणि किल्लीचं भोक आतल्या बाजूला. किल्ल्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला लटकत होत्या. खोलीत गेलेल्या माणसानं दार लावून घेतलं की तो अडकलाच.

कुलूप उलटं बसवलेलं होतं. आणि ते आदल्या दिवशी दुपारी तिच्या नवऱ्यानं बसवलं होतं.

२

फौजदारबाई आल्या, त्यांनी दार पाहिलं, बाईंना पाहिलं, खाली येऊन नवऱ्याला एकच प्रश्न विचारला. "कुलूप तुम्ही बसवलंत?"

"हो. पण सरळ बसवलं. बटण आत होतं. माझ्या हातून असलं काही होईल का?"

"चुकून झालं नसेल तर मुद्दाम झालं असेल," फौजदारबाई म्हणाल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. "परवा बाईंशी तुमचं कडाक्याचं भांडण झालं म्हणे. सगळ्या गल्लीनं ऐकलं."

भांडण झालं होतं, हे खोटं नव्हतं. बाई इमारत विकायला निघाल्या होत्या आणि दुकान रिकामं करा म्हणत होत्या. किल्लीवालीच्या वडिलांनी, अप्पांनी, मिसरूड फुटलं तेव्हा हे दुकान थाटलं होतं. नवरा इथंच अप्पांच्या हाताखाली शिकला आणि मग जावई झाला. "अप्पांना इथून हलवलंत तर ते जगायचे नाहीत, आणि तुम्हालाही सुखानं जगू देणार नाही," असं तो तावातावानं बोलून गेला होता. तोंडाचा फटकळ, मनाचा लोणी, हे बायकोला ठाऊक. पण पोलिसांना मन दिसत नाही, तोंडच ऐकू येतं.

हवालदार अर्ध्या शटरवर काठीनं दणादण वाजवत होता, अप्पांनी बाहेर यावं म्हणून. अप्पा आपले कानस घेऊन एक किल्ली घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मनाविरुद्ध काही चाललं की अप्पा असेच मख्ख होत. लेकीनं समोर जाऊन खांदा हलवला तेव्हा ते उठले.

"अप्पा, काल संध्याकाळपासून आज पहाटेपर्यंत आम्ही दोघं बाहेरगावच्या कामाला गेलो होतो तेव्हा तुम्ही इथंच होता ना? वरून काही आवाज आला?"

अप्पांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. "काही नाही. चिडीचूप होतं सगळं."

नवऱ्याला गाडीत बसवलं. जाताना तो वळून म्हणाला, "अगं, मी सरळच बसवलं होतं. तू तरी विश्वास ठेव." तिनं मान हलवली, पण खरं सांगायचं तर तिलाही शंका होती. नवरा हाताचा कुशल असला तरी कामात पसारेवाला. त्याच्या कामावरून अप्पांची रोज कटकट चाले. अप्पांचा एक दंडक होता: स्क्रू पुरता आवळला की त्याची खाच उभी राहिली पाहिजे, सरळ, छताकडे बघत. खाच कलली तर समजायचं, एक तर स्क्रू ढिला झालाय, नाहीतर कोणाचा तरी हात लागलाय. जावई म्हणे, "आवळला की झालं ना? स्क्रू काय फोटो काढायला बसलेत?" आणि जिथं फिरायचा थांबेल तिथं सोडून देई. मग अप्पा मागून जाऊन लेकीला दाखवत आणि वैतागत.

फौजदारबाई जाताना म्हणाल्या, "संध्याकाळी कागद वर पाठवणार आहे. एकदा ते गेले की माझ्या हातात काही राहत नाही. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल तर त्याच्या आत या."

३

किल्लीवालीनं आधी मावशींना गाठलं. त्या जिन्यातच बसून होत्या.

"मावशी, शपथेवर नको, नीट आठवून सांगा. काल तुम्ही निघालात तेव्हा बटण कुठं होतं?"

"आत, ताई. बाईंनी मला दाखवलं ना! मला बाहेर उभं केलं, दार लावलं, बटण दाबलं आणि आतून म्हणाल्या, आता ये बघू आत. मी मूठ फिरवते, फिरतच नाही. हसल्या किती! लहान मुलासारख्या. म्हणाल्या, आता मला झोप लागेल."

"हे फौजदारबाईंना सांगितलंत?"

"सांगितलं की. त्या म्हणाल्या, तुमचं आणि किल्लीवालीचं घरच्यासारखं आहे, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार." मावशींनी डोळे पुसले. "आता मी काय करू? माझ्या बाई गेल्या आणि माझा शब्दही गेला."

म्हणजे नवऱ्यानं कुलूप सरळच बसवलं होतं. किल्लीवालीच्या जिवात थोडा जीव आला. मावशी गेल्यावर कोणीतरी ते फिरवलं होतं. त्याला वेळही मिळाला असणार, कारण संध्याकाळी बाई गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला जात आणि झाडांशी गप्पा मारत बसत. बाहेरचं दार तेव्हा सताड उघडं. मुठी काढून अदलाबदल करायला फार वेळ लागत नाही. दाराच्या कडेतली जीभ तशीच राहते, फक्त दोन्ही मुठी इकडच्या तिकडे. बटण दाबून ठेवलं की पुढचं काम दार स्वतःच करतं.

झोपायच्या खोलीला कुलूप हवंच कशाला, असं नवऱ्यानं विचारलं होतं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "पुतण्याची भीती वाटते रे." पुतण्या बाईंच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचा. आणि बाईंच्या मागे ही सगळी इमारत त्याचीच.

पुतण्यानं दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. किल्लीवालीला ते नाटक वाटलं.

"वहिनी, बसा," तो म्हणाला. "मला सकाळपासून काही सुचत नाहीये."

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"इथंच. घरात." मग अचानक म्हणाला, "मी ऐकलं, वहिनी. ठोकल्याचा आवाज. बराच वेळ येत होता. आधी जोरात, मग हळू, मग थांबून थांबून. मला वाटलं तुमच्या दुकानातलं. तुमच्याकडे दिवसभर ठाकठूक चाललेली असते, आमचे कान आता तिकडे लक्षच देत नाहीत. मी..." त्यानं शेजारच्या रेडिओकडे हात केला. "मी रेडिओ मोठा केला."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"कसं सांगू? काकू मरत होती आणि मी गाणी ऐकत होतो, असं सांगू?"

किल्लीवाली उठली. तिच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींवर आदळत होत्या. पुतण्या म्हणत होता, बराच वेळ आवाज येत होता. बाईंच्या खोलीच्या बरोबर खाली दुकान, आणि दुकानात बसलेले अप्पा म्हणत होते, चिडीचूप. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. आता बाप खोटं बोलतोय असं कोणती लेक धरून चालेल?

४

ती थेट पोलीस ठाण्यात गेली. "मला ते दार परत एकदा बघू द्या. तुमच्यासमोर. हात लावणार नाही."

"काय शोधताय?" फौजदारबाईंनी विचारलं.

"अडाण्याचा हात. ज्याला सवय नाही त्यानं स्क्रू फिरवला की स्क्रूड्रायव्हर सटकतो. खाचेच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. मुठी ज्यानं फिरवल्या तो कुलूपवाला नसेल तर स्क्रूच सांगतील. पुतण्यानं आयुष्यात खिळा ठोकलेला नाही."

फौजदारबाईंनी गाडीची किल्ली उचलली. "चला. मलाही ते बटण बाहेर बघून बरं वाटत नाहीये. मुद्दाम मारणारा माणूस आपल्याच कामावर असा शिक्का मारून ठेवेल का, हे मला सकाळपासून खातंय."

वर गेल्यावर त्यांनी दाराला लावलेलं सील काढलं. किल्लीवाली दारासमोर उकिडवी बसली. सकाळी तिला फक्त बटण दिसलं होतं, दुसरं काही दिसण्याइतकी ती भानावर नव्हती.

तिनं आधी दाराची कड पाहिली. जिथून कुलपाची जीभ बाहेर येते तिथली पट्टी, तिचे स्क्रू. खाचा वाकड्या, एक इकडे तोंड करून, दुसरी तिकडे. नवऱ्याचा हात. सकाळपासून पहिल्यांदा तिला हसू आलं. त्या वाकड्या खाचांसाठी तिनं त्याला किती वेळा टोमणे मारले होते.

"ही पट्टी त्यांनीच बसवली," ती म्हणाली. "हिला नंतर कोणी हात लावलेला नाही. आता मुठीचे स्क्रू."

मुठीभोवतीच्या चकतीवर ते स्क्रू होते. आता उलटं झाल्यामुळे ते बाहेरच्या बाजूला आले होते. तिनं मान कलवून, उजेड न अडवता पाहिलं.

कडा साफ होत्या. कुठं ओरखडा नाही, कुठं कुरतडलेलं नाही. आणि दोन्ही खाचा उभ्या होत्या. सरळ, छताकडे बघत.

"काय दिसलं?" फौजदारबाईंनी मागून विचारलं.

एकाच दारावर दोन हात होते. वाकडा हात निर्दोष होता. आणि खाचा उभ्या करणारी माणसं या जगात तिला दोनच माहीत होती. त्यांतली एक ती स्वतः.

"संध्याकाळपर्यंत थांबा," ती कशीबशी म्हणाली. "मी येते. पण एकटी येणार नाही."

५

अप्पा अजून तीच किल्ली घासत होते. घासून घासून तिचे दाते नाहीसे झाले होते. आता ती कुठल्याच कुलपाला लागली नसती.

ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. कानस त्यांच्या हातातून काढून घेतली.

"अप्पा, बाईंचं कुलूप तुम्ही फिरवलंत."

अप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. नाही म्हणाले असते तर तिनं विश्वास ठेवला असता. देवाशप्पथ ठेवला असता, नवरा आत असूनसुद्धा. पण त्यांनी विचारलं, "खाचा?"

"उभ्या आहेत."

"हाताला सवय," ते पुटपुटले. "दुसरं काही येतच नाही हाताला."

"का केलंत?"

"मारायचं नव्हतं, पोरी. आईशप्पथ मारायचं नव्हतं. घाबरवायचं होतं." ते भराभरा बोलायला लागले, सकाळपासून तुंबलेलं सगळं एकदम. "म्हटलं, एकदा अडकू दे. मग दार वाजवेल, हाका मारेल. मी धावत जाईन, दार उघडेन आणि म्हणेन, बघा बाई, खाली कुलूपवाला आहे म्हणून बाहेर आलात. उद्या आम्ही नसलो तर कोणाला हाक माराल? मग नाही काढणार आपल्याला. मी इथंच बसून होतो, दिवा लावून. कुठं म्हणून हललो नाही. पण हाक आलीच नाही. म्हटलं, आत गेली आणि झोपली असेल, सकाळी उठून वाजवेल."

"दार वाजलं नाही?"

"एकदाही नाही."

पुतण्याला दोन भिंती आणि एक छत ओलांडून जे ऐकू गेलं, ते बरोबर खाली बसलेल्या माणसाला ऐकू आलं नाही? पुतण्याकडे खोटं बोलायला काही कारण राहिलं नव्हतं. कुलूप त्यानं फिरवलेलं नव्हतं. म्हणजे अप्पा ऐकत बसले होते. ऐकत बसले आणि उठले नाहीत. तिला वाटलं, आता इथंच जमीन दुभंगावी.

"आणि यांना नेलं तेव्हा तुम्ही किल्ली घासत बसलात! तुमच्या हाताखाली वाढलेला माणूस, अप्पा. तुम्हाला बाप मानतो तो!"

"हात धजले," अप्पा म्हणाले. "तोंड धजलं नाही."

ती रडली नाही. रडायला बसली असती तर संध्याकाळ झाली असती. तिनं खुंटीवरचा त्यांचा सदरा काढला. त्यांची बोटं इतकी कापत होती की बटणं लागेनात. त्याच बोटांनी आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. शेवटी तिनंच एकेक बटण लावलं, शाळेत जाणाऱ्या पोराला लावावं तसं, आणि त्यांचा हात धरून बाहेर पडली.

६

अप्पांनी सगळं सांगितलं. फौजदारबाईंनी मधे तोंड घातलं नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "जावयाला सोडते. हवालदार, त्याला घेऊन या." मग किल्लीवालीकडे वळून, आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "पण मघाशी मी पुतण्याशी बोलले. त्यानं ठोकल्याचा आवाज ऐकलाय."

"मला माहीत आहे."

"मग तुम्हाला कळतंय का मी काय लिहिणार ते? घाबरवायला कोंडलं, इतपत मी मान्य करते. पण ती दार वाजवत होती आणि हे खाली बसून ऐकत होते. वाजायचं थांबेपर्यंत. त्याला घाबरवणं म्हणत नाहीत, बाई. त्याला खून म्हणतात."

किल्लीवालीनं वडिलांकडे पाहिलं. खून हा शब्द त्यांच्या कानाशी उच्चारला गेला होता. अप्पांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते खुर्चीत अंग चोरून बसले होते आणि फक्त तिच्याकडे, तिच्या ओठांकडे बघत होते.

फौजदारबाई खिडकीशी गेल्या. तिकडून त्यांनी विचारलं, "आजोबा, पाणी हवंय का?"

अप्पा लेकीच्याच तोंडाकडे बघत राहिले.

"आजोबा?"

आणि मग किल्लीवालीला एकेक करून सगळं दिसायला लागलं. शटरवर दणादण पडणारी काठी आणि खाली मान घालून चाललेली कानस. गिऱ्हाईक बोललं की अप्पा काउंटरवर वाकून त्याच्या चेहऱ्याजवळ जायचे, आणि ती म्हणायची, अप्पा, लोकांच्या अंगावर काय जाता. कुलूप दुरुस्त झालं की खटका पडल्याचा आवाज सगळे ऐकतात. अप्पा गेली कित्येक वर्षं डोळे मिटून त्याच्यावर बोट ठेवायचे. तिला वाटायचं, काय हा हात आहे! मागून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. तिला वाटायचं, काय हा हेका आहे! जन्मभर लोखंडावर हातोडा घातला, त्या हातोड्यानं कधीच कान नेले होते. आणि अप्पांनी ते लपवलं होतं, कारण ऐकू न येणाऱ्या कुलूपवाल्याकडे कोण काम देणार? इतकं बेमालूम लपवलं होतं की बहुधा स्वतःपासूनसुद्धा.

मग हाकेची वाट बघत ते खरोखरच बसले होते. दिवा लावून. डोक्यावर ती बाई दार बडवत असताना.

ती उठून खिडकीशी गेली. "त्यांच्या पाठीमागे जा," ती फौजदारबाईंना म्हणाली. "दार लावून घ्या आणि वाजवा. जीव खाऊन वाजवा. मी समोर बसते, माझ्या चेहऱ्यावर काही दिसू देणार नाही. त्यांनी वळून पाहिलं तर तुम्हाला हवं ते लिहा."

फौजदारबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या खुर्चीच्या मागे गेल्या आणि दार लोटलं.

किल्लीवाली अप्पांसमोर येऊन बसली. तिनं त्यांचे दोन्ही हात टेबलावरून उचलून आपल्या मांडीवर घेतले, लाकडाची थरथरसुद्धा त्यांना लागू नये म्हणून. काचेच्या पलीकडे नवरा येऊन उभा राहिला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

पहिला दणका बसला तेव्हा ती स्वतः दचकता दचकता राहिली. मग दुसरा. मग एकामागून एक. बाहेरचे हवालदार धावत आले, कोणीतरी काय झालं म्हणून ओरडलं. तिला मधे एकच विचार आला: बाईंचं दार असंच वाजलं असेल. तिनं चेहरा दगडासारखा ठेवला.

अप्पा तिच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी वाट बघत होतो ना, पोरी," ते म्हणाले. "एकदा, नुसतं एकदा दार वाजवायचं होतं तिनं."

त्यांच्या पाठीमागे फौजदारबाई दोन्ही मुठींनी दार वाजवत होत्या.